विषुववृत्ताखालची आखाजी

सरांनी मला आयुष्यात दोनदा नापास केलं. एकदा बुऱ्हाणपूरच्या शाळेत, आठवीत, भूगोलात. दुसऱ्यांदा लग्न होऊन त्यांच्याच घरात आले तेव्हा, पुरणपोळीत. शेरा दोन्ही वेळेला एकच होता : "आकार बराबर नाही." पहिल्या वेळी तो मी काढलेल्या ऑस्ट्रेलियाच्या नकाशाला मिळाला होता. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे त्याच ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला राहायला निघालो, तेव्हा सर स्टेशनवर सोडायला आले आणि गाडी हलताना म्हणाले, "आता जाऊन पाह्य. मी म्हणत होतो तसाच हाय." आशीर्वाद वगैरे काही नाही.

सर जाऊन आता दीड वर्ष झालं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. सरांबद्दल खरं तेवढं बोलावं, त्यातूनच काही चांगलं निघालं तर निघेल.

सासरे असले तरी मी त्यांना सरच म्हणत आले. माझा नवरा मंगेश आणि त्याची धाकटी बहीण वैशू त्यांना अप्पा म्हणत. वैशू शाळेत माझ्या बाकावरची. तिच्या डब्याच्या आशेने मी तिच्या घरी जायला लागले आणि डब्याबरोबर भाऊही पदरात पडला. शाळेत सरांचं नाव होतं विषुववृत्त. त्यांचं पोट गोल आणि कातडी पट्टा त्या पोटाच्या बरोबर मधोमध. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. वर्गात विषुववृत्त कुठे असतं असं विचारून ते स्वतःच पट्ट्यावर छडी ठेवत.

घरात त्यांना डावं-उजवं चालत नसे. मिठाची बरणी फडताळाच्या ईशान्येला आणि चपला उंबऱ्याच्या वायव्येला. सासूबाईंनी अख्खा संसार या भाषेत केला. एकदा भाजी करपायला लागली असताना सरांनी त्यांना झारा आग्नेयेला असल्याचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आग्नेय गेली खड्ड्यात, हातात द्या." सदऱ्याच्या खिशात खडू कायम. ओट्यावर, जमिनीवर, एकदा तर जावळ काढलेल्या पुतण्याच्या डोक्यावर त्यांनी तापीचा उगम आणि मुख दाखवलं होतं.

आणखी एक. सर कोणाला कधी पत्ता विचारत नसत. भूगोलाच्या माणसानं पत्ता विचारणं म्हणजे हलवायानं शेजारी साखर मागणं, असं त्यांचं म्हणणं. दर हिवाळ्यात ते वर्गाला असीरगडला नेत. वाटेत गाडी थांबवून सगळ्यांना भर दुपारी उन्हात उभं करत आणि सांगत, "हरवले तर घाबरायचं नाही. दुपारी आपली सावली उत्तरेला पडते. सीधं सावलीच्या मागं चालायचं, असीरगड येतो." एका पोरानं विचारलं, "सर, असीरगडच्या पुढं निघून गेलो तर?" सर म्हणाले, "तर दिल्लीवाले आणून सोडतील."

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य होतं, "दक्षिण गोलार्धात सगळं उलटं." तिकडे डिसेंबरात ऊन, जूनमध्ये थंडी, दुपारचा सूर्य उत्तरेला. आम्ही पोरं ते कशालाही लावायचो. कोणी नापास झालं की तो दक्षिण गोलार्धात पहिला आला.

आता जरा कडू भाग. वैशूनं आपल्या पसंतीच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि मग घरी पत्र पाठवून कळवलं. मुलगा चांगला होता, आजही आहे. पण सरांना न विचारता पृथ्वीवर काही घडलं याचाच त्यांना राग आला. त्यांनी उत्तरादाखल पोस्टकार्ड टाकलं, त्यावर एक ओळ : "आखाजीला मुऱ्हाळी येणार नाही."

पुण्या-मुंबईकडे अक्षय्य तृतीया म्हणजे सोनाराच्या दुकानात गर्दी करायचा दिवस. आमच्या खानदेशी मुलखात ती आखाजी. भर वैशाखात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खातात. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरून त्यावर खरबूज ठेवतात. आणि लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला भाऊ किंवा बाप तिच्या दारी जातो, तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळी येणार नाही म्हणजे माहेर संपलं.

वैशूही त्यांचीच मुलगी. तिने उलट एक ओळ पाठवली : "अप्पा स्वतः घ्यायला आल्याशिवाय येणार नाही." त्यानंतर अकरा वर्षं कोणी हललं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा वैशू आली, तेराव्यापर्यंत स्टेशनजवळच्या लॉजवर राहिली. रोज सकाळी अंगणात येऊन बसायची, संध्याकाळी परत जायची. सर समोरच्या खुर्चीत. दोघांत एक शब्द नाही. मला तेव्हा दोघांनाही थोबाडीत द्यावीशी वाटली होती, आणि दिली नाही याचं आजही वाईट वाटतं.

पुढे वैशू आणि तिचा नवराही ॲडलेडला आले. आमच्या घरापासून सरळ उत्तरेला, एकाच मोठ्या रस्त्यावर, पाच किलोमीटर. दर रविवारी येणं-जाणं. मग एका वर्षी मंगेशनं सरांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मी वैशूला म्हटलं, "आता तरी सोड."

ती म्हणाली, "अप्पा जिथं राह्यतील ते माझं माहेर. अन् माहेरी मी अशी जात नाही. अट माहीत हाय तुले."

म्हणजे त्या तीन महिन्यांत माझ्या घराचं दार तिला बंद, तेही तिच्याच हातानं. आणि सरांचं वय चौऱ्याहत्तर, छातीत दोन नळ्या घातलेल्या. डॉक्टरांनी पुन्हा एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. हे जमलं तर याच वेळी, नाहीतर पुढची भेट एकाच्या तेराव्याला, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. 

सर डिसेंबरात उतरले. बत्तीस वर्षं 'ऑस्ट्रेलियात डिसेंबरात उन्हाळा' असं शिकवलेला माणूस दोन स्वेटर आणि कानटोपी घालून विमानतळाबाहेर आला. काखेत शाळेतून निवृत्तीला मिळालेला पृथ्वीगोल, आफ्रिकेपाशी चेपलेला. मी म्हटलं, "सर, स्वेटर कशाला? तुम्हीच तर शिकवलं."

"पुस्तकात लिहिलं म्हणून सगळं मानलंच पायजे असं नाही," सर म्हणाले.

बाहेर एकेचाळीस डिग्री. त्यांनी कानटोपी काढली, मान वर करून हवा हुंगली आणि तिथल्या तिथे उभे राहिले. टॅक्सीवाले हॉर्न देत होते. सर म्हणाले, "ही तर आखाजीची हवा हाय."

तेव्हा मी ते वाक्य म्हातारपणाच्या खात्यात टाकलं. पण दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांना आंबे दिसले. डिसेंबर म्हणजे इथला आंब्याचा भर. शेजारी खरबुजांचा ढीग. सर दोन्हींच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला. ऊन आहे, आंबा आहे, खरबूज आहे, म्हणजे आखाजी आहे.

मंगेश म्हणाला, "अप्पा, आखाजी वैशाखात येते."

"वैशाख तिकडचा. इथं वैशाखात लोक शेकोटी पेटवतात. शेकोटीपाशी बसून आमरस खाणार तू?"

"पण पंचांग?"

"पंचांग कोणत्या गोलार्धात छापलं ते पाह्य आधी."

मग त्याच पंचांगात त्यांनी डिसेंबरातली शुद्ध तृतीया शोधली. ती नेमकी नाताळच्या दिवशी. मंगेशनं कपाळावर हात मारला. सरांना मात्र हा योगायोग वाटला नाही. समोरच्या घरातले लोक त्या आठवड्यात खिडक्यांच्या काचांवर कापसाचा बर्फ चिकटवत होते. चड्डीवर, घामाघूम. सर रोज चहा घेऊन दारासमोरच्या ओट्यावरून ते बघत आणि हळहळत. "बिचारे. सण थंडीतला घेऊन आले अन् उन्हात बसले. यांना कोणी भूगोल शिकवला नाही. मी निदान सण उन्हाबराबर सरकवला."

माझी मुलगी रेवा तेव्हा सात वर्षांची. तिला विचारायचं होतं की दिवाळी मग कधी. सरांनी सांगितलं मे महिन्यात. तिनं लगेच दोन दिवाळ्या मान्य केल्या.

रोज सकाळी सर रेवाची परीक्षा घेत. नद्या, राजधान्या आणि शेवटी एक टेलिफोन नंबर. "हरवलीस तर कोणाले फोन लावशील?" रेवा वैशूआत्याचा नंबर घडाघडा म्हणे. मी म्हटलं, "तिला आमचा नंबर पाठ आहे, सर." ते म्हणाले, "आईबापाचा तर सगळ्याईले येतो. आणखी एक पायजे." आणि रेवाकडे वळून, "पुन्हा म्हण. हळू म्हण." मला वाटलं, पोरीची काळजी. बरं वाटलं.

एक दिवस पृथ्वीगोलावरची धूळ पुसता पुसता त्यांनी विचारलं, "ती कोणत्या बाजूला राह्यते?"

ती म्हणजे कोण हे मी विचारलं नाही. "सरळ उत्तरेला. हाच रस्ता. पाच किलोमीटर."

"सहज विचारलं," सर म्हणाले आणि अंटार्क्टिका पुसू लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सरांना सण सरकवायचा नव्हता. त्यांना एक आखाजी हवी होती, वैशाखापर्यंत थांबायची ताकद नव्हती, आणि चूक झाली म्हणायची तर कधीच नव्हती. मुऱ्हाळी म्हणून जायचं तर आखाजी हवीच. माफी मागण्यापेक्षा या माणसाला पंचांग फिरवणं सोपं वाटलं. मी रात्रीच्या जेवणाला त्यांना एक पोळी जास्त वाढली. त्यांनी आकार बराबर नाही म्हणून सांगितलं.

नाताळचा दिवस उजाडला. रस्त्यावर चिटपाखरू नाही, बसगाड्या तुरळक, ऊन असं की ओट्यावर पाय टेकवेना. आमच्या परसात मात्र मांडव घातलेला. खापर इथे कुठून मिळणार? सरांनी मातीची फुलझाडाची कुंडी आणली आणि गॅसच्या शेगडीवर पालथी घातली. कुंडीच्या बुडाला भोक असतं, हे सरांनी विचारात घेतलेलं नव्हतं. प्रत्येक पोळी त्या भोकात मधोमध खचायची आणि पुरण खाली गळायचं. सर म्हणाले, "ज्वालामुखी." पाण्याची घागर म्हणून स्टीलची कळशी होती, तिच्यावर खरबूज. ती सासूबाईंच्या नावाची. त्या कळशीसमोर सर बराच वेळ हात जोडून उभे होते. दिशासुद्धा सांगत नव्हते.

एकच्या सुमाराला मी पोळ्यांतून मान वर केली तर सर नाहीत. घरात नाहीत, न्हाणीघरात नाहीत. कळशीवरचं खरबूज नाही. टोपलीतले आंबेही कमी. ओट्यावर खडूनं लिहिलेलं होतं : "वैशूले घ्यायले चाललो. उत्तर." आणि पुढे एक लांब बाण.

मंगेश गाडी घेऊन वैशूच्या घराकडे सुटला. पाच किलोमीटर जाऊन वैशूच्या दारापर्यंत पोचला, सर कुठेच नाहीत. तिथूनच त्यानं मला फोन केला. मागून वैशूचा आवाज येत होता, "एवढ्या उन्हात? पायी? त्यांच्या छातीत नळ्या हायेत ना?" अकरा वर्षं ताठ राहिलेल्या बाईचा तो आवाज मी विसरणार नाही. ती अट, ते पोस्टकार्ड, सगळं एका क्षणात फुटकळ झालं. मला रडू यायला लागलं होतं. हा माणूस मुऱ्हाळी व्हायला निघाला आणि आपणच त्याला एकट्याला जाऊ दिलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

फोन ठेवून मी ओट्यावर त्या बाणाकडे बघत उभी राहिले. माझी सावली बाणावर पडली होती. अगदी सरळ रेषेत. आणि बाण वैशूच्या घराकडे नव्हता, बरोबर उलट्या बाजूला होता.

सावलीच्या मागं चालायचं. असीरगड येतो.

बत्तीस वर्षं त्यांनी आम्हाला सांगितलं की तिकडे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे सावली दक्षिणेला. वर्गातल्या चाळीस पोरांना ते पाठ होतं. एका सरांच्या पायांना तेवढं कोणी सांगितलेलं नव्हतं. आठवीत भूगोलात नापास झालेली मी त्या ओट्यावर उभ्या उभ्या पास झाले, आणि शेरा द्यायला सर नव्हते. मी मंगेशला पुन्हा फोन लावून ओरडून सांगितलं, "दक्षिणेला शोध."

तो गाडीत बसतोय तोवर वैशूचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पुढचं तिनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे असल्यासारखं मला ऐकू येतं.

"मी बोलतोय," पलीकडून आवाज आला.

"अप्पा? कुठून बोलताय?"

"मी तुले घ्यायले निघालो होतो."

"मग?"

"मग इथं बसून राह्यलो. तू ये."

वैशूनं मंगेशच्या हातातून गाडीची किल्ली हिसकावली आणि त्याला शेजारी बसवलं.

सर सापडले ते आमच्या घरापासून तीन किलोमीटर दक्षिणेला, एका बागेत, निलगिरीच्या झाडाखाली. तिथे कुठल्या तरी मोठ्या कुटुंबाचं नाताळचं जेवण चाललं होतं, वीसेक माणसं, सतरंज्या, घडीच्या खुर्च्या. घामानं निथळणारा, धोतर-टोपीतला, काखेत खरबूज घेतलेला म्हातारा झाडाखाली येऊन टेकला, तेव्हा त्यांच्यातल्या एका आजीबाईंनी त्याला खुर्चीत बसवून लिंबाचं सरबत पाजलं, आपला फोन दिला आणि शेवटी तो परत घेऊन वैशूला बागेचं नाव सांगितलं. सरांनी पत्ता सांगितला नाही आणि विचारला तर अर्थातच नाही. पाहुणचाराच्या बदल्यात त्यांनी खरबूज आणि आंबे यजमानांना देऊन टाकले. वैशू पोचली तेव्हा ते चिरून सगळ्यांना वाटून झालं होतं. सरांच्या पांढऱ्या टोपीवर कोणीतरी नाताळच्या जेवणात घालतात तसा जांभळ्या कागदाचा मुकुट चढवला होता, आणि बर्फाच्या पेटीच्या झाकणावर सर खडूनं अक्षवृत्तं काढून त्या मंडळींना ती चुकीच्या ऋतूत सण करत असल्याचं हिंदीतून समजावत होते. मंडळी माना डोलावत होती. त्यांना बहुतेक हा प्रार्थनेचा भाग वाटला असावा.

वैशू समोर जाऊन उभी राहिली. सरांनी खडू खिशात टाकला.

"जाड झालीस," ते म्हणाले.

"तुम्ही बारीक झाले," वैशू म्हणाली. मग ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. आजीबाईंनी दोघांनाही हातरुमाल दिले.

गाडी आमच्या दारात आली तेव्हा मी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होते. लेक माहेरी येते तेव्हा तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं. वैशूसाठी अकरा वर्षं हे कोणी केलेलं नव्हतं.

सर मुकुटासकट उतरले. मंगेश आल्या आल्या विचारू लागला, "अप्पा, वैशूचा नंबर तुमच्याकडे कुठून आला? तुम्ही तर म्हणायचे, माझ्याजवळ नाही."

 रेवा म्हणाली, "मी रोज म्हणून दाखवायचे ना आजोबांना. आजोबा तोंडातल्या तोंडात माझ्या मागून म्हणायचे."

 मी म्हटलं, "सर, हे काय? मुऱ्हाळी कोण अन् आणलं कोणाला?"

त्यांनी मुकुट सारखा केला. "दक्षिण गोलार्ध हाय, बाई," ते म्हणाले. "इथं सगळं उलटं."

मी भाकरतुकडा वैशूवरून उतरवायला हात पुढे केला. तिनं माझं मनगट धरलं.

"आधी अप्पांवरून," ती म्हणाली. "घेऊन मी आलीये. आलेले ते हायेत."

मला वाटलं सर आता काहीतरी तिरकस बोलतील. पण त्यांनी टोपी काढली, मुकुटासकट, आणि मान खाली घालून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळला. वैशूनं तांब्या घेऊन त्यांच्या पायांवर पाणी घातलं. तापलेल्या ओट्यावर खडूचा बाण होता, तो त्या पाण्यात पुसून गेला, आणि मग ती त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन आली.